टूलीच्या (उंच लव्हाळ्याच्या) दलदलीत बदकांची शिकार: पक्षी दिसतात पण खाली येत नाहीत, काय चुकतंय?

फोल्समकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धागा शिकारीचा आहे, कायदेशीर शिकारीचा, आणि कॅलिफोर्नियातल्या. ज्यांना हे वाचणं जमणार नाही त्यांनी इथूनच परत फिरा, शिव्या घालायच्या असतील तर घाला पण त्यात माझा प्रश्न वाहून जाऊ देऊ नका.

गेल्या वर्षी ऑफिसमधल्या एकाने त्याच्या क्लबच्या भातशेतीतल्या ब्लाइंडमध्ये (दडून बसायच्या खोपीत) नेलं होतं. मी नुसता बसून होतो, तरी चटक लागली. मग हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, डक स्टँप (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीचं केंद्राचं तिकीट) घेतला, बाराबोअर पंप बंदूक घेतली, वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकट रबरी विजार) घेतले. बायको म्हणते एवढ्या पैशात दोन वर्षं चिकन आलं असतं. क्लब परवडत नाही म्हणून सरकारी जागांवर जातोय. नोव्हेंबरात ग्रे लॉज नावाच्या सरकारी पाणथळीवर एकटा गेलो, पहाटे पाच तास लव्हाळ्यात कंबरभर पाण्यात उभा, डोक्यावरून हजारो बदकं गेली, सगळी पार वर. तीन बार काढले, तिन्ही हवेत. शेजारचा म्हातारा मात्र नऊ वाजता पाच-सहा पक्षी लटकवून चालता झाला, तोही माझ्यापासून दोनशे पावलांवर होता हो!

आता डिसेंबरातल्या एका शनिवारचं सॅक्रामेंटो रेफ्यूजचं (पक्ष्यांसाठी राखलेली केंद्राची जागा, काही भागात शिकारीला मुभा) रिझर्वेशन लॉटरीत लागलंय, फ्री रोम एरिया. म्हणजे जागा मीच शोधायची. कशी शोधतात ते कुणी सांगेल का?

सहज_वाचणारा

वाचतोय. हा विषय या साईटवर येईल असं वाटलं नव्हतं.

बाराबोअर

फोल्समकर, चौदा सीझन झाले मला सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात, त्यातले पहिले तीन तुझ्यासारखेच गेले, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

पहिली गोष्ट, तू कंबरभर पाण्यात उभा होतास हेच चुकलं. पिनटेल, टील, विजन, मॅलार्ड ही सगळी चोच खाली शेपटी वर करून चरणारी बदकं, त्यांना वीतभर पाणी लागतं, फार तर दीड वीत. खोल पाण्यात त्यांची चोच तळाला पोचत नाही मग ती तिथे कशाला उतरतील. म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत तरी पाणी होतं का आठव. नसणार.

दुसरं, खाणं बघ. रेफ्यूजवाले वसंतात तळी रिकामी करतात, उन्हाळ्यात एक-दोन पाणी देतात, त्यात वॉटरग्रास, स्मार्टवीड, स्वॅम्प टिमथी असली गवतं वाढतात, बी धरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत पाणी सोडतात. सगळी शेतीच आहे ती, फक्त पीक बदकांसाठी. वॉटरग्रास म्हणजे आपल्याकडे भातात उगवतो तो सावा, त्याच कुळातला. चालता चालता मूठभर गवत ओढून बघ, कणसात दाणा असेल तर थांब, नुसता कोंडा असेल तर पुढे चल. कडेच्या पाण्यावर पिसं तरंगतायत का, चिखलात चोचीने केलेले छोटे छोटे खड्डे आहेत का, पाणी गढूळ आहे का. रात्री तिथे जेवण झालं असेल तर खुणा राहतातच.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे वारा. बदक वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं, विमानासारखं. तू वाऱ्याला पाठ देऊन बस म्हणजे पक्षी समोरून तुझ्याकडे येत पाय खाली सोडतात. डमी बदकं मांडताना मधे वीस-पंचवीस फुटांची मोकळी जागा ठेव, इंग्रजी यू सारखी मांडणी, तोंड वारा जातो त्या बाजूला. डझनभर पुरतात. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून परेडला उभी केल्यासारखी मांडू नकोस.

आणि वाराच नसेल, लख्ख ऊन असेल, तर घरी झोप, खरंच सांगतो. त्या रेफ्यूजमधे बंद भाग असतो जिथे गोळी चालत नाही. बदकांना ती हद्द तुझ्या नकाशापेक्षा चांगली पाठ असते. रात्री बाहेरच्या पाणी भरलेल्या भातशेतात जाऊन पोटभर खातात, उजाडायच्या आत बंद भागात येऊन दिवसभर पंखात चोच खुपसून बसतात. उत्तरेचा वारा सुटला की तिथल्या उघड्या पाण्यावर लाटा येतात, बसवत नाही, मग थवे उठून आडोशाची तळी शोधायला लागतात. तुला तोच दिवस पाहिजे.

फोल्समकर

बाराबोअर दादा, हे सोनं आहे राव. पाणी खरंच खोल होतं, आणि मी उगवतीकडे तोंड करून बसलो होतो कारण सूर्योदय छान दिसत होता 😅

भातशेतात पाणी का भरतात पण? डिसेंबरात तर तिथे पीक नसतं.

बाराबोअर

पूर्वी कापणीनंतर तूस-पेंढा जाळायचे, सगळं खोरं धुराने भरायचं. १९९१ ला कायदा करून जाळणं कमी करत आणलं, मग शेतकऱ्यांनी पेंढा कुजवायला हिवाळ्यात पाणी सोडायला सुरुवात केली. कापणीत सांडलेला दाणा आणि वर पाणी, बदकांची चंगळ. मूळच्या पाणथळींपैकी नव्वद टक्क्यांच्या वर त्या खोऱ्यातून गेलेल्या आहेत, आता भाताची खाचरंच तिथली अर्धीअधिक दलदल झालीत. आणि भातावर चरलेल्या पिनटेलची चव, काय सांगू.

अडई

मी नाशिकची, वीस वर्षं पक्षी बघते. धागा वाचून पोटात ढवळलं. तुम्ही ज्याला पिनटेल म्हणताय तो आमचा तलवार बदक. अगदी तोच, वेगळी जात पण नाही. भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला थंडीत आम्ही त्याची वाट बघत असतो, लांब शेपटीचा नर पाण्यावर दिसला की मुलं ओरडतात. आणि तुम्ही चवीच्या गोष्टी करताय. पाणथळी एवढ्या गेल्यात हे तुम्हीच लिहिता आणि वर बंदूकही घेऊन जाता, हे डोक्यात कसं बसवता?

सहज_वाचणारा

आली ठिणगी.

बाराबोअर

अडईताई, राग समजतो. चिडवायला लिहीत नाहीये, जे आहे ते सांगतो.

अमेरिकेत बदकं मारणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला दरवर्षी केंद्राचा डक स्टँप घ्यावाच लागतो. १९३४ पासून आहे, पहिला स्टँप एक डॉलरचा होता आणि त्याचं चित्र काढलं होतं जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग नावाच्या राजकीय व्यंगचित्रकाराने. आता २५ डॉलर. त्यातल्या डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत किंवा कराराने घेण्यात जातात, आजवर साठ लाख एकरांच्या आसपास झाल्यात. बंदुका-काडतुसांवर १९३७ पासूनचा वेगळा कर आहे तो अजून निराळा. दिवसाची मर्यादा सात बदकं, त्यात मॅलार्डची मादी दोनच्या वर नाही, आणि दरवर्षी पक्षी मोजून हे नियम ठरतात. मी हे सगळं सांगून तुमचं मन वळवायचा प्रयत्न करत नाहीये. जीव घेतो हे खरंच आहे. पण ज्या तळ्यात तो तलवार बदक बसतो ते तळं कुणाच्या पैशातून राहिलंय हेही खरं आहे.

अडई

पैसे द्यायला गोळी झाडावी लागते असं थोडीच आहे.

बाराबोअर

नाही लागत. स्टँप कुणीही घेऊ शकतं, तिथले बरेच पक्षीनिरीक्षक घेतात. हा मुद्दा तुमचा.

भाऊ_गोदाकाठचे

अडईताई, तुमच्याच निफाड बाजूचा म्हातारा बोलतोय. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ब्रिटिशांच्या काळातला, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. गाळ साचत गेला, लव्हाळं आणि पाणकणीस माजलं आणि त्यातून ती पाणथळ तयार झाली, कुणी ठरवून नाही केली. साठ-पासष्ट सालच्या सुमारास माझे मामा तिथे बदकं मारायला जायचे, मी पिशवी धरायला. नाशकातून, मुंबईतून जीप घेऊन साहेब लोक यायचे, त्यांना वाटाड्या पाहिजे असायचा तो मामा. त्यांचं सगळं ज्ञान वर बाराबोअर यांनी लिहिलंय तेच होतं, फक्त त्यांना ते शब्दात सांगता यायचं नाही. बोट ओलं करून हवेत धरायचे आणि म्हणायचे, चल तिकडं. गोणपाट पांघरून, डोक्यावर लव्हाळ्याची जुडी बांधून गळ्याइतक्या पाण्यात बसायचे. थंडीत ओठ काळे पडायचे त्यांचे.

नकटा आणि हळदी-कुंकू बदक मिळालं तर खुश, थापट्या मिळाला तर शिव्या, त्याला चिखलाचा वास मारतो म्हणायचे. अडईला हात लावायचे नाहीत कारण तिच्यात खायला काही नसतं. (ताई, तुमच्या आयडीबद्दल गैरसमज नको.)

अडई

भाऊकाका 😄 नाही हो. आणि थापट्याचं ऐकून बरं वाटलं, निदान त्याची तरी सुटका.

नियमपंडित

इथे कुणी नवीन वाचक उत्साहात येऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात हे काहीही करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही जातींसाठी परवान्याची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. आज उजनीवर, जायकवाडीवर किंवा गावच्या पाझर तलावावर जाळं लावून एक बदक धरलं तरी गुन्हा आहे. भाऊंचे मामा ज्या काळातले तो काळ वेगळा. नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मधे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) झालं.

आणि पूर्वी सगळं फार छान मर्यादेत होतं असंही नाही. भरतपूरला दगडी पाट्या उभ्या आहेत त्या वाचा, कुठल्या दिवशी किती पक्षी पाडले त्याचा हिशोब कोरलाय. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगोची पार्टी, एका दिवसात ४,२७३. मी ती पाटी उभं राहून वाचलीये, मागे पाण्यात बगळे होते.

सहज_वाचणारा

चार हजार?? खाल्ले कुणी एवढे?

नियमपंडित

खाण्यासाठी नव्हतंच ते.

फोल्समकर, तुम्हाला एक विचारायचं, व्हिसा कुठला आहे? एच वन वर असाल तर एरवी बंदूक बाळगताच येत नाही, वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे पण तो नीट समजून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. चूक झाली तर बदक राहील बाजूला, व्हिसा जाईल.

फोल्समकर

ग्रीन कार्ड आहे. तरी चांगलं केलंत लिहून.

अजून दोन प्रश्न. एक, शिशाचे छर्रे का चालत नाहीत? स्टीलचे महाग पडतात आणि लोक म्हणतात तेवढं मारत नाहीत. दोन, बदकाच्या आवाजाची पिपाणी वाजवायची का नाही? माझी ऐकून मुलगी म्हणाली बाबा मांजर अडकलंय का.

बाराबोअर

शिसं: बदकाला दात नाहीत, ते खडे गिळतं आणि पोटातल्या जात्यात दाणे दळतं. तळातले जुने छर्रे खडे समजून गिळले की तेही दळले जातात, शिसं रक्तात उतरतं, पक्षी दोन-तीन आठवड्यांत झुरून मरतो. त्याला खाणारा गरुडही मरतो. म्हणून १९९१ पासून अमेरिकाभर पाणपक्ष्यांसाठी बंद, कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून कुठल्याच शिकारीला नाही. स्टील हलकं असतं त्यामुळे लांबून जोर राहत नाही, एवढाच फरक. दोन नंबरचे छर्रे घे आणि पस्तीस यार्डांच्या पुढे बार काढू नकोस. पस्तीस यार्ड म्हणजे किती? बदकाचा डोळा दिसला, पायाचा रंग दिसला की आलं. नुसतं बदकाच्या आकाराचं काहीतरी दिसतंय म्हणजे लांब आहे. मांडलेल्या डमीपैकी सगळ्यात लांबची पावलं मोजून तीस यार्डांवर ठेव, तिच्या पलीकडचं सगळं आकाशातलं समज. काडतुसंही तिथे आत २५ च नेता येतात, त्यामुळे हिशोबाने. बंदुकीत एकावेळी तीनच, पंपमधला प्लग (जास्त काडतुसं बसू न देणारी दांडी) काढला नाहीस ना ते आदल्या दिवशी बघ, वॉर्डन पहिलं तेच तपासतो.

पिपाणी: मुलीचं ऐक. मॅलार्डची क्वॅक क्वॅक येत नसेल तर गप्प बस, पिनटेल आणि विजनची शिट्टी साधी असते, तेवढी शिक. पक्षी तुझ्याकडे येत असताना काहीही वाजवायचं नाही. वळून जायला लागला, शेपूट दिसली, की हळूच. आणि तोंड वर करून बघू नकोस, पांढरं फटक तोंड वरून आरशासारखं चमकतं. आपलं सावळं असलं तरी चमकतं 😀

रिझर्वेशन शनिवारचं आहे ना, मग गुरुवारी किंवा शुक्रवारी जाऊन ये. शिकार फक्त बुधवार, शनिवार, रविवार असते, गाडीतून ऑटो टूरचा सहा मैलांचा फेरा मात्र रोज मारता येतो. तो बंद भागातून जातो. दुर्बीण घेऊन बघ पक्षी कुठल्या कोपऱ्यात बसलेत, संध्याकाळी उठून कुठल्या दिशेला जातात. पहाटे त्याच वाटेने परत येणार.

वेडर्सवर कमरेला पट्टा आवळ. पडलास तर पाणी आत भरत नाही लगेच. आणि काठी ने, पाऊल टाकायच्या आधी पुढे टोचायची, चर खणलेले असतात ते वरून दिसत नाहीत.

खादाड_खंडू

मी फक्त शेवटच्या भागासाठी आलोय. मिळालं तर कसं करणार?

फोल्समकर

रिपोर्ट द्यायला आलो. उशीर झाला, ऑफिसात रिलीज होतं.

शुक्रवारी दुपारी सुट्टी टाकून फेरा मारला, पांढऱ्या हंसांचा (स्नो गूस) थवा उठला तेव्हा गाडीच्या काचा थरथरल्या, अतिशयोक्ती नाही. बदकं पश्चिमेच्या कोपऱ्यात होती आणि सूर्य बुडल्यावर वीस मिनिटांत सगळी नैर्ऋत्येला गेली. तेवढं डोक्यात ठेवलं, रात्री विलोजला मोटेलात झोपलो, अडीचला चेक स्टेशनवर.

धुकं. टूली फॉग म्हणतात ते, मी ऐकून होतो, अनुभवला नव्हता. हेडलॅम्प लावला तर पांढरी भिंत, बंद केला तर काळी भिंत. टूली म्हणजे आपला लव्हाळाच पण पुरुषभर उंच, आणि सगळीकडे सारखाच. नकाशात अर्धा मैल असलेली जागा गाठायला सव्वा तास लागला, एकदा डावा पाय रेबड्यात मांडीपर्यंत गेला आणि बूट आतून सुटायला लागला, तेव्हा डमींची पिशवी पुढे टाकून तिच्यावर आडवा पडून निघालो. दादा, पट्टा आवळलेला होता, म्हणून हे लिहितोय.

गवताला दाणा होता, पाणी गुडघ्याच्या खाली, कडेला पिसं. बसलो. साडेआठपर्यंत नुसते आवाज, डोक्यावर पंखांची सळसळ, दिसत काहीच नाही. बार नाही काढला एकही. मग वारा सुटला, धुकं फाटलं, आणि दहा मिनिटांत चार टील डमींच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाय सोडून, अगदी तुम्ही लिहिलंत तसे. एक पडला. हातात घेतला तेव्हा गरम होता आणि पंखावरचा हिरवा पट्टा कसा चमकत होता. मी बराच वेळ तसाच उभा होतो, पुढचा थवा माझ्यामुळेच वळून गेला.

नंतर एक पिनटेल नर. आणि मग एक विजन, तो पडला लव्हाळ्यात. पन्नास मिनिटं शोधला. नाही मिळाला. तो अजून डोक्यात आहे. ताई, तुम्ही काही म्हणालात तर मला उत्तर नाही.

अडई

काही म्हणणार नाही. तुम्ही लिहिलंत तरी. बरेच लोक मिळालेल्यांचेच फोटो टाकतात.

बाराबोअर

नवीन माणसाचं हे होतंच आणि जुन्याचंही होतं, पण कमी करता येतं. पक्षी पडला की त्याच्यावरून नजर काढायची नाही. बंदूक रिकामी कर, पण खाली न बघता. तो पडला त्या रेषेत एक खूण धर, वाकलेली काडी, वेगळ्या रंगाचा तुरा, काहीही, आणि त्या काडीकडे बघत सरळ चालत जा. वाटेत दुसरा पक्षी आला तर मारायचा नाही, तिथेच सगळे चुकतात. खुणेपाशी पोचलास की टोपी काडीवर अडकव आणि तिच्याभोवती गोल गोल वाढवत जा. जखमी बदक पाण्याखाली नुसती चोच वर ठेवून काडीसारखं स्थिर राहतं, त्यामुळे पक्षी शोधू नकोस, चोच शोध. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दाट लव्हाळ्यावरून उडणाऱ्यावर बार काढूच नकोस, उघड्या पाण्यावर येऊ दे. कुत्रा असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

न मिळालेलाही दिवसाच्या सातमधे धरावा असं मी मानतो. मी धरतो.

फोल्समकर

धरला. तीन मोजून परत फिरलो.

खादाड_खंडू

आता बोलू का? पिनटेलचं काय केलंत?

फोल्समकर

अर्धं मालवणी मसाला लावून सुकं, कांदा-खोबऱ्याचं वाटण. दुसरं अर्धं बाराबोअर दादांच्या सांगण्याप्रमाणे नुसतं मीठ-मिरी लावून तव्यावर कातडीच्या बाजूने. खरं सांगू, मसाल्यात ते मटण आहे का बदक कळेना. तव्यावरचं तुकडे करून खाल्लं तेव्हा कळलं. टील छोटासा, अख्खाच भाजला. बायकोने एक घास घेतला आणि म्हणाली, अजून आहे का. मुलीने नाही खाल्लं, तिने पंख ठेवून घेतलाय शाळेत न्यायला, त्याला परवानगी लागते का ते बघतोय.

खादाड_खंडू

मसाला कमी, सुकं न करता पातळ रस्सा करायचा, आणि आधी हाडांचं सूप काढून त्यातच. जंगली बदकाला चरबी कमी, सुकं केलं की चामडं होतं. आणि दाताखाली छर्रा येतो, स्टीलचा असतो, दात जाईल. बोटांनी चाचपून काढा आधी.

भाऊ_गोदाकाठचे

आमच्या मामी बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा, बास. छर्रे ताटाच्या कडेला काढून ठेवायचो आम्ही पोरं, कुणाचे जास्त निघतात ते मोजायचो. ते शिशाचे होते. आज बाराबोअर यांचं वाचून अंगावर काटा आला.

अडई

फोल्समकर, एक विचारायचं होतं. माझी बहीण डेव्हिसला असते, जानेवारीत जाणार आहे तिच्याकडे. तो सहा मैलांचा फेरा मला करता येईल का? पांढऱ्या हंसांसाठी.

फोल्समकर

ताई नक्की या, मी घेऊन जातो. गाडीतून उतरता येत नाही, दोन-तीन ठरलेल्या जागीच, पण पक्षी गाडीला बुजत नाहीत, खिडकीतून अगदी जवळ दिसतात. तलवार बदक तर शेकड्याने.

बाराबोअर

सोमवार किंवा गुरुवार-शुक्रवार धरा, बुधवारी आणि शनिवार-रविवारी लांबून बार ऐकू येत राहतात, तुम्हाला नाही आवडायचे. सूर्य बुडायच्या तासभर आधी आत शिरा. आणि डक स्टँप असला की प्रवेश फी पडत नाही.

अडई

बहिणीला सांगते एक घेऊन ठेवायला.